ड्रायव्हरबाईचं लग्न

वजनकाट्यावरच्या त्या बाईला सगळे ट्रकवाले काटाताई म्हणत. काट्यावर बसते म्हणून काटाताई, असं ते तिच्या तोंडावर सांगत. खरं कारण तिची जीभ होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाईट वाटत नसे.

शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला भलामोठा लोखंडी पत्रा, त्याला लागून काचेच्या खिडकीची केबिन आणि केबिनमध्ये ती. भरलेला ट्रक पत्र्यावर चढला की समोरचे आकडे भराभर पळत, थरथरत आणि मग एका जागी ठरत. ते ठरेपर्यंत काटाताई आकड्यांकडे बघतच नसे, ती गाडीकडे बघे. वजन वाढवायला कुणी दोन धट्टेकट्टे गडी पुढे बसवून आणलेले असत.

"वाळू विकताय की माणसं?" ती खिडकीतून ओरडे. "उतरा खाली!"

गडी ओशाळं हसत उतरत. एखादा ड्रायव्हर म्हणे, "ताई, जरा नरम घ्या की." त्यावर ती म्हणे, "नरमच घेतलंय. कडक घेतलं असतं तर गाडी आल्या वाटेने परत गेली असती."

ती धाकट्या भावाच्या घरी राहायची. भाऊ, भावजय, कॉलेजात जाणारी पुतणी आणि ही. लग्न केलेलं नव्हतं. वडील लवकर गेले, भावाचं शिक्षण हिने केलं, म्हणून बिचारीचं राहून गेलं, असं सगळे नातेवाईक समजून चालत. ती समजूत इतकी पक्की होती, की लोक तिच्याशी बोलताना आवाज जरा खाली आणत. खरी गोष्ट साधी होती. तिला लग्न करायचं नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं, कुणाचा फोटो उशीखाली नव्हता. सकाळी उठावं, कामावर जावं, चार माणसांशी भांडावं, संध्याकाळी पाय पसरून बसावं, हे तिला मनापासून आवडायचं. पण हे सांगितलं की लोक अजूनच हळहळत. म्हणून तिने सांगणंच सोडून दिलं होतं.

संध्याकाळी पाय पसरून बसण्यात एक मालिकाही होती. 'सात नंबरचं दार' तिचं नाव. एका मोठ्या रुग्णालयाची गोष्ट. अपघातात सापडलेली माणसं सात नंबरच्या दारातून आत येत, आणि आत एक देखणा डॉक्टर आणि एक देखणी डॉक्टरीण त्यांना वाचवत आणि वाचवता वाचवता एकमेकांवर रुसत. काटाताईला त्या दोघांच्या रुसव्या-फुगव्यात काडीचा रस नव्हता. ती बघायची रुग्णवाहिका चालवणाऱ्या बाईसाठी. मालिकेतले सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. वय पन्नाशीकडे झुकलेलं, केस आखूड, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गाडी सात नंबरला आणून लावायची, मागचं दार धाडकन उघडायचं आणि म्हणायचं, "घ्या, जिवंत आणलाय." झालं तिचं काम. मग ती बॉनेटला टेकून संत्रं सोलत उभी राहायची.

इतकी वर्षं मालिका चालली, पण तिला एकानेही 'घरी कोण कोण असतं?' असं विचारलं नव्हतं. काटाताईला ती आवडायची ती यामुळेच.

एका संध्याकाळी पुतणी फोन नाचवतच घरात शिरली.

"आत्या! ड्रायव्हरबाईची स्वतंत्र मालिका येतेय! स्पिनऑफ!"

"ते काय असतं?"

"अगं, एका मालिकेतलं माणूस उचलायचं आणि त्याच्यावर दुसरी मालिका काढायची. ती एकटीच मुख्य. नावच 'ड्रायव्हरबाई'."

"म्हणजे वेगळं बिऱ्हाड केलं म्हण की तिने," काटाताई म्हणाली आणि इतकी मोठ्याने हसली, की भावजय स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेली.

पुढचे काही आठवडे आत्या-पुतणीला दुसरा विषय नव्हता. पुतणी फोनवर 'सात नंबरवाले' नावाच्या गटात होती. मालिकेची वेडी माणसं तिथे जमत. तिने आत्यालाही 'काटाताई' याच नावाने त्यात ओढलं. काटाताई आधी नुसतं वाचायची, मग लिहायला लागली, आणि लिहायला लागल्यावर तिला कोण आवरणार? ड्रायव्हरबाई कुठे राहत असेल, तिला गाडी शिकवली कुणी, तिचं कुणाशी पटत असेल, कुणाशी नसेल, यावर तासन्‌तास काथ्याकूट चाले. काटाताईच्या मनात मात्र एकच प्रश्न घर करून बसला होता. एखादा रुग्ण वाटेतच जात असेल, त्या दिवशी ही बाई काय करत असेल? दार उघडल्यावर म्हणत काय असेल? मालिकेत ते कधी दाखवलं नव्हतं. ती फक्त जिवंत आणलेल्यांच्या वेळीच दिसायची. तो प्रश्न तिने गटात टाकला, तेव्हा भांडखोर म्हणून नावाजलेल्या लोकांनीही अंगठे वर केले. कुणीतरी लिहिलं, "हे त्यांनी दाखवलं तर मी पायच धरीन त्यांचे."

मग मालिकेची पहिली झलक आली.

घरातले चौघंही टीव्हीसमोर होते. पडद्यावर ड्रायव्हरबाई दिसली, नटीही तीच होती. पण केस खांद्यापर्यंत वाढलेले, ओठांना लिपस्टिक. ती आरशात बघत होती. मागे धूसर पुरुषाची आकृती. आणि एक भरदार आवाज म्हणाला, "स्टिअरिंग तिच्या हाती होतं... पण आयुष्यभराची साथ कुठे होती?"

"अय्या, किती छान!" भावजय म्हणाली. "आता तरी बिचारीचं कुणीतरी होईल."

काटाताईच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आदळला. "बिचारी? कोण बिचारी? कालपर्यंत धडधाकट होती ती!"

"तसं नाही हो ताई. पण एकटी बाई..."

"एकटी कुठे होती? गाडीत सतत कुणीतरी असायचंच की."

भाऊ हसला. पुतणी हसली नाही. ती फोनवर गटातलं वाचत होती, आणि तिथे आग लागली होती. अर्धे म्हणत, तिलाही सुख मिळायलाच हवं. अर्धे म्हणत, आमची ड्रायव्हरबाई पळवून तिच्या जागी दुसरीच आणून बसवली. काटाताईने लिहिलं, "तिच्या पूर्वायुष्यात एखादा मेलेला प्रियकर निघाला नाही, तर नाव बदलीन." आणि मालिकावाल्यांनी दुसऱ्या झलकीत नेमका तोच काढला. एक हसरा तरुण, एक जुनं वळण, एक अपघात. म्हणून म्हणे ती रुग्णवाहिका चालवायला लागली!

"बघ," काटाताई पुतणीला म्हणाली, "बाईने नुसतं आवडतं म्हणून काही केलेलं यांना चालतच नाही. मागे मढं लागतंच."

याच सुमाराला घरात दुसरं काहीतरी शिजत होतं. भावजयीच्या ओळखीत एक गृहस्थ होते. सिमेंटच्या दुकानात हिशेब सांभाळायचे, बायको वारलेली, मुलगी परदेशी. स्वभावाने शांत. एका सुट्टीच्या दिवशी ते 'सहज' चहाला आले. काटाताईला कुणी आधी काही सांगितलं नव्हतं. पण भावजयीने नवे पडदे लावले आणि भावाने दाढी केली, तेव्हाच तिने काय ते ओळखलं.

गृहस्थ खरंच बरे होते. चहा पिताना फुर्र आवाज करत नव्हते. तिच्या कामाबद्दल त्यांनी नीट विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकूनही घेतलं. मग जरा चाचरत म्हणाले, "या वयात सोबत असावी, असं मला वाटतं. तुम्हाला काम सोडावं लागेल असं काही नाही."

काटाताईला त्यांचा राग आला नाही, आणि त्यामुळे तिची जास्तच पंचाईत झाली. राग आला असता तर दोन शब्दांत काम भागलं असतं.

"तुमच्यात खोट काढायला मला काही सापडत नाही," ती म्हणाली. "पण मला लग्न नकोय. तुमच्याशी नको असं नाही. मुळातच नको. तुम्ही उगाच ताटकळू नका, म्हणून स्पष्ट सांगते."

गृहस्थांनी मान हलवली. "स्पष्ट सांगितलंत, बरं केलंत," ते म्हणाले आणि चहा संपवूनच गेले. दोन दिवस भावजय फक्त कामापुरतं बोलली.

त्या अबोल्यातच पुतणीने बातमी आणली. नव्या मालिकेची नटी, निर्माता आणि लेखिका शहरातल्या मोठ्या सभागृहात प्रेक्षकांना भेटणार होते. गटातल्या सगळ्यांनी जायचं ठरवलं होतं. काटाताईने काट्यावर सुट्टी मागितली. मालक म्हणाला, "कुणाचं लग्नबिग्न आहे की काय?" ती म्हणाली, "तेच तर अडवायला चाललेय."

सभागृह खचाखच भरलं होतं. 'सात नंबरवाले' पहिल्यांदाच एकमेकांना प्रत्यक्ष बघत होते. फोनवर वाघासारखा डरकाळ्या फोडणारा एकजण किडमिडीत, लाजरा शिंपी निघाला. त्याने काटाताईला तिच्या बोलण्यावरून ओळखलं आणि चक्क वाकून नमस्कार केला. मंचावर नटीने "घ्या, जिवंत आणलाय" म्हणून दाखवलं आणि लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मग प्रश्नांची वेळ झाली. कुणी नटीला केसांना काय लावता ते विचारलं, कुणी फोटो मागितला. माइक फिरत फिरत पुतणीपर्यंत आला, तो तिने सरळ आत्याच्या हातात कोंबला.

काटाताई उठली. रोज ट्रकवाल्यांवर ओरडणारा आपला आवाज माइकमधून येताना तिला परका वाटला.

"तुम्ही तिचं लग्न लावणार आहात का?" तिने विचारलं.

हशा झाला. निर्माता पुढे झुकून गोड हसला. "सगळंच आताच कसं सांगू? पण प्रेक्षकांना तिला सुखात बघायचंय."

"ती दुःखात आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

हशा थांबला.

"नाही, मी खरंच विचारतेय. इतकी वर्षं आम्ही तिला बघतोय. ती काम करते, संत्रं खाते, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मला कधी ती रडकी दिसली नाही. मग तुम्ही तिला आरशासमोर का बसवलंत? मीही अशीच आहे. घरचे मला उजवायला निघालेत. निदान टीव्हीत तरी एक बाई सुटलेली होती."

मागून टाळ्या आल्या, शिट्ट्या आल्या, कुणीतरी "बसा खाली!" असंही ओरडलं. निर्माता पाणी प्यायला लागला. मग लेखिकेने माइक ओढून घेतला. चष्मा लावलेली, काटाताईच्याच वयाची बाई.

"तुमचं म्हणणं मला कळतंय," ती म्हणाली. "पण मलाही एक विचारायचंय. परवा एका बाईंनी मला गाठून सांगितलं, की नवरा गेल्यावर त्या आमच्या ड्रायव्हरबाईकडे बघून जगतायत, आणि तिचं पुन्हा कुणाशी तरी जमावं असं त्यांना फार वाटतं. तुम्हाला ती तुमच्यासारखी हवी. त्यांना ती त्यांच्यासारखी हवी. मी कुणाची करू?"

असं काही येईल, ही काटाताईची अपेक्षाच नव्हती. त्या कुठल्याशा बाईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिच्यावर चिडायचं म्हटलं तरी तिला चिडता येईना.

"तुमचीच करा," ती शेवटी म्हणाली. "लिहिणाऱ्या तुम्ही. तुम्हाला खरं वाटेल ते लिहा. पण सगळ्यांची एकाच दारातून वरात काढू नका. आणि काढलीत, तर मी त्या वरातीत नसेन. एवढंच."

ती खाली बसली, तेव्हा तळहात घामाने ओले झाले होते. शेजारच्या शिंप्याने हातरुमाल पुढे केला.

कुणीतरी हे सगळं फोनवर टिपलं होतंच. दुसऱ्या दिवशी ते भावाच्या कचेरीपर्यंत पोचलं. संध्याकाळी तो घरी आला तो बूटही न काढता म्हणाला, "ताई, घरचे उजवायला निघालेत! हे चारचौघांत बोलायचं होतं? कचेरीत सगळे दात काढतायत माझ्याकडे बघून."

"खोटं बोलले का?"

"खरं-खोट्याचा प्रश्न नाही!"

"मग कशाचा आहे?"

उत्तर भावजयीने दिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. "ताई, तुम्हाला वाटतं आम्हाला तुम्ही जड झालात. तसं नाहीये हो. उद्या तुम्ही पडलात, आजारी झालात, आम्हीही म्हातारे झालो, तर तुमचं कोण करणार? मला झोप लागत नाही या विचाराने."

हे काटाताईच्या काळजाला लागलं. भावजय खोटं बोलणारी नव्हती. इतकी वर्षं दोघी एका ओट्यापाशी वावरल्या होत्या.

"अगं, काळजी करतेस ते कळतं मला," ती हळू आवाजात म्हणाली. "पण पुढे कधीतरी पडेन, म्हणून आजच कुणाच्या तरी गळ्यात पडू? आणि तो काय माझ्याआधी म्हातारा होणार नाही? मलाच त्याचं करत बसावं लागेल." मग आवाज पुन्हा नेहमीसारखा चढला. "तुमच्या काळजीखाली मी बिचारी होऊन राहणार नाही. मी वेगळी राहते. जवळच राहीन. पडलेच तर हाक मारीन, तेव्हा धावत या."

भावाने आकांडतांडव केलं. लोक काय म्हणतील, आम्ही तुला घराबाहेर काढलं असंच म्हणतील! काटाताई म्हणाली, "म्हणू देत. मी सगळ्यांना सांगेन की मीच तुम्हाला सोडलं."

बोलली तसं तिने केलं. दोन गल्ल्यांपलीकडे, एका किराणा दुकानाच्या वर खोली मिळाली. घरमालकिणीने पहिला प्रश्न विचारला, "घरी कोण कोण असतं?" काटाताई म्हणाली, "मी असते." पुतणीने भिंतीला रंग दिला, निम्मा स्वतःच्या केसांना दिला. शिंप्याने पडदे शिवून पाठवले, ते खिडकीपेक्षा चांगले वीतभर आखूड निघाले. काटाताईने ते तसेच लावले. पहिल्या दिवशी तिने जेवण केलं, भांडं तसंच ठेवलं, पाय पसरले आणि तिच्या लक्षात आलं, की आता 'ताई, दिवा घालवू का?' असं विचारणारं कुणी नाही. तिला जरा चुकल्यासारखं झालं. मग तिने दिवा हवा तेवढा वेळ चालू ठेवला.

'ड्रायव्हरबाई' सुरू झाली. काटाताईने पहिला भाग श्वास रोखून बघितला आणि तिला कबूल करावं लागलं, की तो चांगला होता. चौथ्या भागात तर तिच्या मनातली गोष्ट घडली. रुग्ण वाटेतच गेला. ड्रायव्हरबाईने गाडी सात नंबरला लावली, मागचं दार आवाज न करता उघडलं, कुणाला काही बोलली नाही आणि गेलेल्या माणसाच्या पायातून निसटलेली चप्पल त्याच्या पायात नीट बसवली. काटाताईने लगेच गटात लिहिलं, "लेखिकेला माझा सलाम सांगा." पण पुढे पुढे तो धूसर पुरुष स्पष्ट होत गेला, गाणी वाढली, गाडी कमी दिसू लागली, आणि शेवटी जाहीर झालं: येत्या आठवड्यात लग्नाचा खास भाग.

त्या संध्याकाळी भावजय आणि पुतणी तिच्या खोलीवर आल्या. घरच्या टीव्हीवर भावाची क्रिकेटची मॅच चालू होती.

"इथे बघितलं तर चालेल ना, ताई?" भावजय संकोचून म्हणाली. ती या खोलीत पहिल्यांदाच येत होती.

"बघा की. टीव्ही तुमचाच समजा. मी नाही बघणार."

"अहो, असं काय करता? इतकी वर्षं..."

"मी सांगितलं होतं त्यांना, वरातीत नसेन म्हणून. चारशे माणसांसमोर सांगितलंय. आता शब्द फिरवू?"

तिने चहाचा कप घेतला आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. आतून वाद्यांचा गजर येत होता, कुणाचं तरी हुंदके देणं येत होतं. ते टीव्हीतलं होतं की भावजयीचं, ते कळत नव्हतं. खाली दुकानदार फळी लावत होता. त्याने वर बघून विचारलं, "काय ताई, बाहेर बसलात?"

"आत लग्न चाललंय," काटाताई म्हणाली. "मला आमंत्रण होतं. मी गेले नाही."

थोड्या वेळाने दार उघडलं आणि भावजय बाहेर आली. नाक लाल झालं होतं. ती शेजारी पायरीवर बसली.

"झालं," ती म्हणाली.

काटाताईने चहाचा उरलेला घोट घेतला. मग तिला राहवेना. "कशी दिसत होती?"

"चांगली दिसत होती." भावजय पदराशी चाळा करत राहिली. "पण ताई, शेवटी ती मागे बसली होती. गाडी तो चालवत होता. तिला चालवायला येते, तरी मागे बसवली होती." आणि मग अचानक तिचा पारा चढला. "मला नाही आवडलं ते! निदान लग्नाच्या दिवशी तरी गाडी तिच्याच हातात द्यायची होती. मी रडले ती त्यामुळेच!"

काटाताई तिच्याकडे बघतच राहिली आणि मग खो खो हसली. भावजयही हसू लागली. आतून पुतणी ओरडली, "आत्या, गटात दंगल उसळलीय! सगळे विचारतायत, काटाताई कुठे आहेत?"

"त्यांना सांग, आहे म्हणावं. जागच्या जागी आहे," काटाताई म्हणाली. "आणि हिला काय वाटलं तेही लिही. माझ्या नावाने नको, हिच्या नावाने लिही."

"अगंबाई, माझ्या नावाने कशाला!" भावजय म्हणाली. पण ती उठली आणि काय लिहायचं ते सांगायला आत गेली.